बिजागरी ते लवचिक पाते : हेलिकॉप्टरच्या रोटरची पार्श्वभूमी

रोटर म्हणजे हेलिकॉप्टरला उचलणारा फिरत्या पात्यांचा संच. नव्या हेलिकॉप्टरांच्या माहितीपत्रकांत 'दृढ रोटर', 'बिजागरीविरहित रोटर' आणि 'बेअरिंगविरहित रोटर' ही नावे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि मराठीतील लेखांतही ती तशीच उतरतात. या तिन्ही नावांचा अर्थ वेगळा आहे. तो वेगळेपणा लक्षात येण्यासाठी ज्या बिजागरीचा अभाव ही नावे सांगतात, ती बिजागरी मुळात कोणी आणि का बसवली हे पाहावे लागते.

स्पेनमधील मुर्सिया येथे 1895 मध्ये जन्मलेल्या हुआन दे ला सियेर्व्हा याने हेलिकॉप्टर बनवले नाही. त्याचे यंत्र ऑटोजायरो होते, म्हणजे त्याचे रोटर इंजिनाने नव्हे तर समोरून येणाऱ्या वाऱ्याने फिरत असे. तरीही आजच्या प्रत्येक हेलिकॉप्टरच्या हबवर, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर, त्याची छाप आहे. त्याची सुरुवातीची पूर्ण आकाराची यंत्रे धावपट्टीवर वेग घेताच एका कुशीवर कलंडत, कारण पुढे येणाऱ्या पात्याला मागे जाणाऱ्या पात्यापेक्षा जास्त वारा लागतो. मात्र त्याने बनवलेली लहान प्रतिकृती सरळ उडत असे. दोन्हींत फरक होता तो पात्यांच्या कण्यात. मोठ्या यंत्राची पाती तारांनी ताणून ताठ केलेली होती, तर प्रतिकृतीच्या पात्यांचा कणा वेताचा होता आणि तो प्रत्येक फेरीत थोडा वर वाकून जास्तीचा जोर सोडून देत असे. मोठ्या यंत्रासाठी वेतासारखे वाकणारे आणि तरीही न तुटणारे साहित्य त्या काळी नव्हते. म्हणून त्याने पाते ताठच ठेवले आणि त्याच्या मुळाशी आडवी बिजागरी बसवली. या बदलानंतर त्याचे सी 4 हे यंत्र जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे येथे उडाले.

रोटरच्या नंतरच्या सगळ्या इतिहासाचे बीज या वेताच्या कण्यात आहे, असे माझे मत आहे. सियेर्व्हाचे नाव बिजागरीशी जोडले गेले हे रास्तच आहे; पण त्याने आधी जे पाहिले ते पात्याचे वाकणे होते आणि बिजागरी हा त्या वाकण्याला दिलेला पर्याय होता.

वर-खाली हलू लागलेले पाते फिरण्याच्या पातळीतही पुढे-मागे ओढले जाते, आणि तो ताण मुळावर साठत राहतो. 1927 मध्ये एका उड्डाणात पाते मुळाशी तुटले, तेव्हा दुसरी, उभी बिजागरी आवश्यक ठरली. पात्याचा कोन बदलण्यासाठीची बेअरिंग नंतर आली. अशा रीतीने एका पात्याच्या मुळाशी तीन सांधे झाले. प्रत्येक सांध्याला वंगण आणि ठरावीक तासांनी तपासणी लागू लागली. त्यात पुढे-मागे होणारी हालचाल आवरण्यासाठी डॅम्परचीही भर पडली, कारण तो नसेल किंवा कमजोर असेल तर जमिनीवर उभे असलेले यंत्र स्वतःच्याच कंपनाने काही सेकंदांत मोडू शकते.

या बिजागरीच्या श्रेयाचा वाद जुना आहे. पात्याला मुळाशी हलते ठेवण्याची कल्पना फ्रान्समध्ये 1904 आणि 1908 च्या सुमारास कागदावर मांडली गेली होती, असे तेथील अभ्यासक सांगतात आणि ते खरे आहे. पण कागदावरची कल्पना आणि माणसाला घेऊन उडणारे यंत्र यांना एका मापाने मोजता येत नाही. 18 सप्टेंबर 1928 रोजी सियेर्व्हाने स्वतः ऑटोजायरो चालवत इंग्लिश खाडी ओलांडली. 9 डिसेंबर 1936 रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनच्या धुक्यात एक प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील प्रवाशांमध्ये तोही मरण पावला. तेव्हा तो 41 वर्षांचा होता. त्याच वर्षी जर्मनीत उडालेल्या आणि तीन वर्षांनी अमेरिकेत उडालेल्या हेलिकॉप्टरांची पाती बिजागऱ्यांवरच फिरत होती. त्याचे अमेरिकेतील हक्क बाळगणाऱ्या कंपनीने रोटरसंबंधीच्या पेटंटांवरून तेथील सरकारविरुद्ध दीर्घकाळ दावा लढवला आणि 1967 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

पाते स्वतः या काळात हळूहळू बदलले. सुरुवातीला पोलादी नळी, लाकडी फासळ्या आणि वर कापड अशी त्याची बांधणी होती. त्यानंतर चिकटवलेल्या लाकडी थरांची पाती आली, पण ती दमट हवेत ओलावा शोषून जड होत आणि जोडीचा तोल बिघडवत. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीपासून धातूची पाती रूढ झाली. धातूला ओलाव्याचा त्रास नव्हता, मात्र वारंवार ताण येऊन धातूच्या थकव्याने पडणारी बारीक चीर बाहेरून दिसत नसे. काही पात्यांच्या पोकळ कण्यात दाबाखाली नायट्रोजन भरून मुळाशी दर्शक बसवला जाई. चीर पडली की वायू निसटे आणि उड्डाणापूर्वी पाहणी करणाऱ्याला दर्शकाचा बदललेला रंग दिसे. अशा पात्यांचे आयुष्य तासांत बांधलेले असे आणि ते तास भरले की वरून धडधाकट दिसणारे पातेही काढून टाकावे लागे.

खरा पालट काचतंतूने (फायबरग्लासने) घडवला. 1957 मध्ये जर्मनीत काचतंतूचे पहिले ग्लायडर उडाले. पुढे त्या रचनेवरून ग्लायडर बनवणाऱ्या कंपनीनेच बी ओ 105 हे हेलिकॉप्टर हाती घेतले. त्याच्या पहिल्या नमुन्यावर रूढ पद्धतीचा हब होता आणि तो नमुना उडण्यापूर्वीच जमिनीवरच्या कंपनात मोडला. दुसऱ्या नमुन्यावर टायटॅनियमचा अखंड हब आणि त्यात बसवलेली काचतंतूची चार पाती होती. त्यात वर-खाली किंवा पुढे-मागे हलण्यासाठी एकही बिजागरी नव्हती, फक्त कोन बदलणारी बेअरिंग ठेवली होती. 16 फेब्रुवारी 1967 रोजी तो उडाला. म्हणजे अमेरिकेतील पेटंटांचा निकाल लागला त्याच वर्षी बिजागरीवाचून चालणारे रोटर हवेत गेले. काचतंतूचे संमिश्र साहित्य अॅल्युमिनियमपेक्षा कमी ताठ असते आणि ते कोट्यवधी वेळा वाकले तरी तग धरते. थांबलेल्या यंत्राच्या पात्याचे टोक हाताने उचलले तर ते सहज वर येते आणि सोडले की पुन्हा खाली लवते. सियेर्व्हाच्या प्रतिकृतीतील वेत जे करत होता तेच हे पाते करते.

तरीही या रोटरला 'दृढ' हे नाव चिकटले आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात झाली. त्यात दृढ आहे तो हब. पाते मुद्दाम लवचिक ठेवलेले आहे. साठच्या दशकात अमेरिकेतील एका कंपनीने वेगळ्या पद्धतीच्या, स्थिरतेसाठी जायरो (वेगाने फिरून आपली दिशा टिकवणारे चक्र) जोडलेल्या रोटरला हेच नाव दिले होते, आणि ते रोटर असलेले लढाऊ हेलिकॉप्टर 1969 च्या प्राणघातक अपघातानंतर मागे पडून 1972 मध्ये रद्द झाले. त्या अनुभवाचा ठपका अनेक लेखांत नावसाधर्म्यामुळे जर्मन रचनेवरही येतो, जे अन्यायाचे आहे. 1973 मध्ये उडालेल्या, एकावर एक उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रोटरांच्या प्रायोगिक यंत्राची पाती मात्र खरोखरच ताठ होती, कारण ती वाकून एकमेकांवर आदळता कामा नयेत. 'अर्धदृढ' या शब्दाची गत तर याहून वाईट आहे. अमेरिकेत तो दोन पात्यांच्या, सी-सॉसारख्या झुलणाऱ्या रोटरला लावतात, तर ब्रिटनमध्ये 1971 मध्ये उडालेल्या लिंक्स या हेलिकॉप्टरच्या टायटॅनियम हबच्या रोटरला, आणि वागणुकीत हे दोन्ही प्रकार दोन टोकांना आहेत.

हा भेद मोजता येतो. पाते अक्षापासून किती अंतरावर वाकते किंवा दुमडते, हे रोटरच्या त्रिज्येच्या टक्केवारीत सांगतात. झुलत्या रोटरमध्ये ते शून्य असते, बिजागरीच्या रोटरमध्ये साधारण 3 ते 5 टक्के, आणि बी ओ 105 मध्ये सुमारे 14 टक्के. हे अंतर जितके जास्त, तितका हब यंत्राला थेट वळवतो. झुलत्या रोटरखाली यंत्र लंबकासारखे लोंबत असते आणि वैमानिकाने नाक जोरात खाली दाबून ते क्षणभर भारहीन केले तर नियंत्रण हातचे जाते, इतकेच नव्हे तर हब फिरत्या दांड्यावर आदळून तो तुटू शकतो. बी ओ 105 मात्र हवेत पूर्ण कोलांटी घेऊ शकते. 'दृढ' या शब्दापेक्षा हा एक आकडा जास्त सांगतो आणि माहितीपत्रकांनी तोच द्यावा, असे मला वाटते.

भारतात हा बदल एकाच ताफ्यात पाहता येतो. नाशिकच्या सैनिकी हवाई प्रशिक्षण केंद्रात ज्या चेतक आणि चीता यंत्रांवर पिढ्या घडल्या, त्यांची तीन पाती बिजागऱ्यांवर हलतात. बी ओ 105 च्याच निर्मात्यांशी 1984 मध्ये झालेल्या करारातून आकाराला आलेले ध्रुव हे हेलिकॉप्टर 20 ऑगस्ट 1992 रोजी बंगळूर येथे उडाले आणि त्याची संमिश्र साहित्याची चार पाती बिजागरीविना बसवलेली आहेत.

1986 मध्ये लिंक्सने ताशी 400.87 किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा लक्ष पात्यांच्या रुंद, मागे वळलेल्या टोकांकडे गेले. आवाज कमी करण्यासाठी आधी पुढे आणि मग मागे वळलेली पाती अलीकडे एच 160 या हेलिकॉप्टरवर आली. पण मुळाशी झालेला बदल अधिक खोल आहे. नव्वदच्या दशकातील ई सी 135 मध्ये कोन बदलणारी बेअरिंगही उरली नाही; पात्याच्या मुळाशी काचतंतूची चपटी पट्टी आहे आणि ती स्वतः पीळ खाऊन पात्याचा कोन बदलू देते. अशा रोटरलाच बेअरिंगविरहित म्हणणे योग्य आहे. 1927 च्या तुटलेल्या पात्याने दाखवून दिलेली पुढे-मागे हालचाल मात्र तेथेही आवरावी लागते आणि त्यासाठी प्रत्येक पात्याच्या मुळाशी इलास्टोमरचे (रबरासारख्या लवचिक साहित्याचे) डॅम्पर बसवलेले आहेत.