एक रीडर, शेकडो टॅग: टक्कर सोडवण्याच्या पद्धतींची पार्श्वभूमी
आरएफआयडी म्हणजे वस्तूला लावलेल्या छोट्या टॅगचा क्रमांक रेडिओ लहरींनी वाचण्याची पद्धत; तो वाचणाऱ्या उपकरणाच्या, म्हणजे रीडरच्या, टप्प्यात अनेक टॅग असले आणि सगळ्यांनी एकदमच उत्तर दिले, तर लहरी एकमेकींत मिसळून रीडरला कोणाचाच क्रमांक वाचता येत नाही. वायफायचे उपकरण पाठवण्याआधी वाहिनी मोकळी आहे का हे ऐकून घेते; बॅटरी नसलेला टॅग मात्र रीडरच्याच लहरींवर चालतो आणि त्याच परावर्तित करून उत्तर देतो, त्यामुळे शेजारचा टॅग बोलतो आहे हे त्याला कळतच नाही. सगळी शिस्त रीडरनेच लावावी लागते, आणि तिचा पाया या टॅगांच्या बराच आधी रेडिओ नेटवर्कच्या संशोधनात घातला गेला होता.

हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रामसन यांनी बेटांवरील टर्मिनल संगणकाला रेडिओने जोडण्यासाठी १९७० मध्ये आलोहा पद्धत मांडली. ज्याला पाठवायचे त्याने पाठवावे आणि टक्कर झाल्यास यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवावे, एवढाच तिचा नियम होता; मात्र त्यात वाहिनीचा फार तर १८.४ टक्के वेळ कारणी लागतो. १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी वेळेचे समान स्लॉट पाडून अर्धवट टकरी टाळल्या आणि ही मर्यादा ३६.८ टक्क्यांवर नेली. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि सोव्हिएत संघात वृक्षपद्धत पुढे आली, जिच्यात टक्कर झालेल्या गटाचे एकच सदस्य उरेपर्यंत भाग पाडत जातात. पहिल्या पिढीच्या काही टॅगांनी तीच वाट धरली, पण एकाच उत्पादकाच्या मालाचे क्रमांक सुरुवातीला बरेचसे सारखे असल्याने क्रमांकावर चालणारी अशी विभागणी खूप खोल जाऊ शकते.

खरा पेच स्लॉट किती ठेवावेत हा होता. कमी ठेवले तर टकरी वाढतात, जास्त ठेवले तर रिकामे जातात. समान लांबीचे स्लॉट असतील, तर त्यांची संख्या टॅगांच्या संख्येइतकी असणे सर्वोत्तम, पण ती संख्या रीडरला आधी माहीतच नसते. फ्रिट्स शाउटे यांनी १९८३ मध्ये दाखवले की फ्रेमची, म्हणजे स्लॉटांच्या एका फेरीची, लांबी योग्य असेल, तर टक्कर झालेल्या प्रत्येक स्लॉटमध्ये सरासरी २.३९ स्पर्धक असतात. म्हणजे टकरी मोजून पुढची फ्रेम ठरवता येते.

वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून मालाला टॅग लावण्यास सांगितले आणि एकाच सामायिक मानकाची निकड वाढली. डिसेंबर २००४ मध्ये अशा टॅगांच्या दुसऱ्या पिढीचे जेन-२ मानक मंजूर झाले, आणि आपल्याकडचा फास्टॅगही त्याच मानकावर चालतो. रीडर क्यू हा आकडा जाहीर करतो, प्रत्येक टॅग शून्य ते दोनाचा क्यू-वा घात वजा एक यांमधील एक संख्या निवडतो आणि रीडरच्या प्रत्येक पुढच्या आज्ञेला ती एकने कमी करतो. शून्यावर आलेला टॅग बोलतो. टकरी वाढल्या तर क्यू वाढतो, रिकामे स्लॉट वाढले तर घटतो, त्यामुळे फ्रेम संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

या मानकातील सर्वांत मोलाची कल्पना मला दुसरीच वाटते. टॅग आधी आपला लांबलचक क्रमांक न पाठवता केवळ १६ बिटांची यादृच्छिक संख्या पाठवतो आणि रीडरने ती परत उच्चारली तरच क्रमांक देतो. त्यामुळे टक्कर झाली तरी वाया जाणारा वेळ फार थोडा असतो, आणि रिकामा स्लॉट तर रीडर त्याहूनही लवकर आवरता घेतो. वाचून झालेला टॅग आपले चिन्ह अ वरून ब करून उरलेल्या फेरीत गप्प राहतो; अशी चिन्हे चार स्वतंत्र सत्रांसाठी वेगवेगळी असतात, म्हणून आळीपाळीने वाचणारे दोन रीडर वेगवेगळी सत्रे वापरत असतील, तर एकाची गणना दुसऱ्यामुळे बिघडत नाही.