मुंबईतले जिओमेट्रिड पतंग: नावांची यादी झाली, झाडांची राहिली

मुंबईतल्या आरे वसाहतीत, पतंग पाहायला लावलेल्या दिव्यामागच्या पांढऱ्या पडद्यावर हिरवा, सपाट पंखांचा जिओमेट्रिड (ज्यांच्या अळ्या कमान करत चालतात त्या कुळातला) पतंग येऊन बसला की त्याला नेमकं कोणतं नाव द्यायचं, यावर मुंबईच्या पतंग निरीक्षकांमध्ये एकमत होत नाही. काहीजण प्रजातीपर्यंत नाव लिहितात, तर काहीजण जीनसवर, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाच्या नावावर, थांबतात. हा मतभेद कॅमेऱ्यामुळे नव्याने सुरू झाल्यासारखा वाटतो, पण तो जुन्या नोंदींतूनच चालत आला आहे.

मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांची एक मोठी यादी १८८५ मध्ये लंडनला छापली गेली. ती करणारा लष्करी अधिकारी १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होता. पुढे १८९५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवरच्या ग्रंथमालेचा तिसरा खंड निघाला. त्यात हे कुळ होतं, आणि कित्येक दशकं ओळख पटवायची तर तोच खंड उघडावा लागे. ही वर्णनं टाचणीला टोचलेल्या नमुन्यांवरून केलेली. चिठ्ठीवर बहुतेक वेळा फक्त 'बॉम्बे'. ते मुंबई बेट, साष्टी की अख्खा मुंबई इलाखा? १९३६ पर्यंत सिंधसुद्धा या इलाख्यात होता. पतंग कोणत्या झाडावर सापडला हे तर चिठ्ठीवर क्वचितच असे. त्यात हिरव्या जिओमेट्रिडांचा रंग दमट हवेत टिकत नाही, नमुना पिवळट-पांढरा पडतो. त्यामुळे अशा जुन्या नमुन्यांशी ताजा फोटो ताडून पाहायलाही मर्यादा येतात.

अळ्यांकडे लक्ष गेलं ते नुकसान झालं तिथे. चहा आणि फळझाडं खाणाऱ्या जाती तपशीलवार अभ्यासल्या गेल्या, जंगलातल्या झुडपांवर जगणाऱ्या मागे पडल्या. सोयाबीनवरची उंटअळी शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे, पण ती या कुळातली नाही. जिओमेट्रिडच्या अळीला मागच्या टोकाला पोटपायांच्या दोनच जोड्या असतात, सोयाबीनवरच्या उंटअळ्यांना त्याहून जास्त.

हिरव्या पतंगांचा गुंता १९९६ मध्ये वाढला. तोवर यांतल्या बऱ्याच जाती 'थॅलसोडिस' या एकाच जीनसखाली होत्या. बोर्निओच्या पतंगांवर काम करणाऱ्या एका इंग्रज अभ्यासकाने त्यांतल्या काही वेगळ्या काढून 'पेलागोडिस' हा नवा जीनस केला. फरक मुख्यतः नराच्या जननेंद्रियांच्या रचनेत. वरून पाहिलं तर तोच हिरवा रंग, त्याच दोन पुसट रेषा. याचा अर्थ १९९६ पूर्वीच्या नोंदींमधलं 'थॅलसोडिस' आज कोणत्या जीनसमध्ये जाईल, हे मूळ नमुना तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आणि आजच्या फोटोतूनही ते कळत नाही.

मग नमुना घ्यायचा का? पतंगप्रेमींचे इथे दोन तट पडतात. राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय पतंग पकडता येत नाहीत, आणि हौशी माणसाला परवानगी मिळणं सोपं नाही. अनेकांना पतंग मारणंच पटत नाही, आणि त्यांची भावना खरी आहे. दुसरी बाजू म्हणते की एक नर तपासला तर शेकडो फोटोंचा प्रश्न सुटेल. डीएनए तपासणीला तर एक पायसुद्धा पुरतो. ते बरोबर आहे, पण त्या डीएनएशी ताडून पाहायला खात्रीने ओळखलेल्या नमुन्यांचा संग्रह आधी हवा. तो तयार होईपर्यंत 'थॅलसोडिस किंवा पेलागोडिस' एवढंच लिहिणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. अशी अर्धी नोंद यादीत कमी भारदस्त दिसते म्हणून पूर्ण नाव ठोकून देण्याची सवय लागली आहे, आणि एकदा चढलेलं नाव पुढच्या दहा जणांच्या फोटोंवर जाऊन बसतं.

२०१२ पासून जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह होतो. मुंबईत तो ऐन पावसाळ्यात येतो आणि पडद्यावर गर्दी होते. या सप्ताहाने शहराला पतंग पाहायला शिकवलं, हे त्याचं मोठं देणं आहे. पंखांना शेपटीसारखं टोक असलेले, युरेनिड या वेगळ्या कुळातले पांढरे पतंग जिओमेट्रिड म्हणून नोंदवणं यासारख्या चुका आता तासाभरात दुरुस्त होतात. पण दिवा फक्त पतंग आला एवढंच सांगतो, तो कुठून आला हे सांगत नाही.

आरेतल्या मेट्रो कारशेडच्या वादात हेच कमी पडलं. दुग्धवसाहत १९४९ ची, जागेवर गवत, लावलेली झाडं आणि जुनं रान असं सगळं मिसळलेलं, आणि पलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली, नंतर सुमारे ८०० एकर राखीव वन जाहीर झालं. सगळी चर्चा हे जंगल आहे की नाही आणि झाडं किती, यावर झाली. पडद्यावरचा पतंग आरेतच वाढला की उद्यानातून उडत आला, याला उत्तर नव्हतं. जिओमेट्रिड साधारणपणे दुबळे उडणारे, त्यामुळे आसपासचेच असण्याची शक्यता जास्त. तरी शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा देते ती अळी. हायपोसिड्रा तलाका या जिओमेट्रिडची अळी कितीतरी झाडांवर जगते, म्हणून ती सापडली तरी अधिवासाबद्दल फार काही कळत नाही. याच कुळातल्या किआस्मिया जीनसमधल्या अनेक अळ्या बाभूळ-शिरीष गटातल्या झाडांवर असतात, तर युमेलिया जीनसच्या अळ्या शेंद्रीच्या नातलग झाडांवर नोंदल्या आहेत. आरेत शेंद्रीवर युमेलियाची अळी मिळाली, तर त्या झुडपाला अधिवास म्हणायला आधार मिळतो. हिरव्या पतंगांचंही तसंच. त्यांतल्या काहींच्या अळ्या आंब्याच्या कोवळ्या पानांवर मिळतात. ती अळी पानासकट घरी वाढवली, कोषातून नर निघाला आणि तो तपासला गेला, तर झाड आणि नाव दोन्ही एकाच नोंदीत बसतात. राष्ट्रीय उद्यानाबाहेर, जागामालकाच्या संमतीने, सोसायटीच्या अंगणातल्या आंब्यावरही हे करता येतं.