दुसरी वेलांटी कुठे पडली?

मंडळाची गणेशोत्सवाची पत्रिका आम्ही दोघं मिळून लिहीत होतो. मी पुण्यात, चिटणीस डोंबिवलीत, मजकूर एकाच गूगल डॉक्समध्ये. पहिल्याच ओळीत घाईघाईत ‘गणपत’ टाइप झालं होतं. मी त्याच्या अलीकडे ‘श्री’ लावला, आणि नेमक्या त्याच क्षणी चिटणीसांनी शेवटी दुसरी वेलांटी दिली. ओळ झाली ‘श्री गणपती’. सरळ वाटतं, पण सरळ नाही.

चिटणीसांच्या फोनवरून निघालेला निरोप एवढाच असतो: चौथ्या चिन्हानंतर वेलांटी टाका. त्यांच्याकडे चौथा होता ‘त’. माझ्याकडे तोवर ‘श्री’ येऊन बसलेला. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरचिन्हांच्या प्रमाण यादीच्या, हिशोबात हा ‘श्री’ एक अक्षर नव्हेच, ती चार चिन्हं: श, हलन्त, र आणि वेलांटी. निरोप जसाच्या तसा पाळला असता, तर श्रीच्या वेलांटीला आणखी एक वेलांटी चिकटली असती आणि गणपत गणपतच राहिला असता.

यावरचा तोडगा 1989 सालचा. टेक्सासमधल्या ऑस्टिनला, एमसीसी या संशोधनसंस्थेत, क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी ‘ग्रोव्ह’ ही अनेकांनी एकत्र मजकूर लिहिण्याची प्रणाली बनवताना तो सुचवला. आलेला निरोप पाळण्याआधी मधल्या वेळात इथे काय बदललं ते पाहायचं आणि आकडा तेवढा सरकवायचा. श्रीची चार चिन्हं, एक मोकळी जागा. म्हणून चौथ्याच्या जागी नववं. त्यांच्या रीतीत पुढे एक खोट सापडली. 1995 मध्ये झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधनकेंद्रातल्या ‘ज्युपिटर’ या तशाच प्रणालीने मध्ये एक सर्व्हर, म्हणजे मध्यस्थ संगणक, बसवला: कोणाचा निरोप आधी धरायचा, ते तो ठरवणार. गूगल डॉक्सही याच घराण्यातलं.

दुसऱ्या एका पद्धतीत आकडेच नसतात. प्रत्येक चिन्हाला जन्मतःच कायमची ओळख मिळते: ‘अमक्या त-नंतरची वेलांटी’. मग ‘त’ कितीही सरकू दे. यातल्या काही प्रकारांत खोडलेली चिन्हंही आत दडून राहतात, कारण कुणाचा तरी उशिरा आलेला निरोप त्यांचाच पत्ता विचारू शकतो.

अर्थ मात्र यातल्या कुणालाच कळत नाही. पुढच्या पानावर तीच चूक आम्हा दोघांना एकदमच दिसली. दोघांनीही वेलांटी दिली, यंत्राने दोन्ही इमानाने ठेवल्या. मग दोघांनी एकदमच त्यातली शेवटची खोडली. ती मात्र एकदाच गेली.