क्लिनिकल समाजकार्यातील गोपनीयता : अपवाद आले कुठून?

‘नॅशनल असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स’ या अमेरिकी संघटनेची १९६० ची पहिली आचारसंहिता जेमतेम पानभर होती. सेवार्थ्याच्या खासगीपणाचा मान राखण्याचे वचन तिच्यात होते. ते मोडायचे कधी, याची आजच्यासारखी तपशीलवार चर्चा नव्हती. अपवाद नंतर एकेक करून, वेगवेगळ्या ठिकाणांहून आले. त्यामुळे प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे, आणि गफलत होते ती या कसोट्यांची सरमिसळ झाल्यावर.

पहिला अपवाद विधिमंडळांतून आला. १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर शोधनिबंध लिहिला. त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेतील राज्याराज्यांत मुलांच्या छळाची माहिती यंत्रणेला देण्याची सक्ती करणारे कायदे झाले. येथे वाजवी संशय पुरेसा असतो, पुरावा लागत नाही. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणत कार्यकर्ता स्वतःच चौकशी करू लागतो, तेव्हा कळवायला उशीर होतो आणि पुन्हापुन्हा विचारल्याने मुलाचा जबाबही गढूळ होतो.

दुसरा न्यायालयातून आला. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलीत एका रुग्णाने टॅरासॉफ आडनावाच्या तरुणीचा खून केला. हा बेत त्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला आधी सांगितला होता. विद्यापीठाच्या पोलिसांना तो कळवला गेला, पण त्यांनी रुग्णाला सोडून दिले. तरुणीला कोणीच सावध केले नाही. या टॅरासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये इशारा देण्याचे कर्तव्य सांगितले. १९७६ च्या फेरसुनावणीत ते बदलून संरक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य ठरवले. हा बदल फार महत्त्वाचा, कारण इशारा हा आता अनेक उपायांपैकी एक झाला. काही राज्यांत हे कर्तव्य सक्तीचे, काहींत फक्त मुभा. म्हणून धमकी कानावर आली की विचारायचे : कोणाला, कशाने, कधी, पूर्वी हिंसा झाली होती का? मग पर्यवेक्षकाशी बोलायचे आणि निर्णय कारणांसह नोंदवायचा.

१९९६ च्या ‘जॅफी विरुद्ध रेडमंड’ निकालाची दिशा उलटी होती. एका पोलीस अधिकारी महिलेच्या सुमारे ५० समुपदेशन सत्रांच्या नोंदी वादीने मागितल्या होत्या. परवानाधारक समाजकार्यकर्तीबरोबरचा हा संवादही विशेषाधिकारात मोडतो, म्हणजे तो न्यायालयात उघड करण्याची सक्ती करता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले. हा अधिकार सेवार्थ्याचा. कार्यकर्ती तो परस्पर सोडू शकत नाही. वकिलाचे समन्स म्हणजे न्यायाधीशाचा आदेश नव्हे. तरीही ते बाजूला टाकून चालत नाही : सेवार्थ्याला कळवायचे, विशेषाधिकार मांडायचा, आदेश झालाच तर मागितले तेवढेच द्यायचे.

२००३ पासून लागू झालेल्या, आरोग्य-नोंदींविषयीच्या संघीय गोपनीयता नियमाने सत्रातील संभाषणाच्या टिपणांना जादा संरक्षण दिले, पण ती मुख्य फायलीपासून वेगळी ठेवली असतील तरच. औषधे, सत्रांच्या वेळा, निदानाचा आणि प्रगतीचा सारांश या संरक्षणात येत नाही.