रक्तदाब चढला, पण रुग्ण वाचले नाहीत: नायट्रिक ऑक्साइडरोधकांची पार्श्वभूमी

सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाचे हातपाय सुरुवातीला बरेचदा गरम लागतात. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. सलाइन, वाहिन्या आकसवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू असूनही रक्तदाब घसरत राहतो, युरीन बॅगमध्ये थेंबभरही लघवी जमत नाही आणि एकामागून एक अवयव मान टाकू लागतात. वाहिन्या इतक्या सैल पडतात कशा, याचा धागा सशाच्या महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, सापडला.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट महारोहिणीच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडायचे, की त्या आकसायच्या. १९७८ मध्ये मात्र पट्टी उलट सैल पडली. खोलात गेल्यावर उलगडा झाला: एरवी पट्टी कापताना आतलं नाजूक अस्तर घासून निघायचं, या वेळी ते शाबूत राहिलं होतं. सैल करणारा निरोप त्या अस्तरातूनच निघत होता. १९८७ मध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने आणि लुई इग्नारो यांनी तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचं दाखवलं. या शोधासाठीच्या १९९८ च्या नोबेलमध्ये मोंकादा नव्हते, याची चुटपुट मला आजही लागते.

जंतुसंसर्गात शरीर एक वेगळं विकर (एन्झाइम) तयार करतं आणि ते हा वायू तासन्तास, भरमसाट बनवतं. मग तो रोखायचा, हे ओघानेच आलं. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन रुग्णांची हकिकत आली: हा वायू बनवणारं विकर रोखणारं एल-एनएमएमए हे औषध देताच रक्तदाब वर आला. आशा वाटणं साहजिकच होतं.

पुढे याच औषधाची ७९७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि ती मध्येच थांबवावी लागली. २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. मॉनिटरवरचा आकडा सुधारत होता, पण हृदय कमी रक्त ढकलत होतं, फुप्फुसांच्या रोहिणीतला दाब वाढत होता. हे औषध विकरांमध्ये निवड करत नव्हतं. संसर्गातल्या विकराबरोबर अस्तराचं रोजचं विकरही बंद पडायचं, आणि सूक्ष्म वाहिन्या उघड्या ठेवून मूत्रपिंड-आतड्यांपर्यंत रक्त पोचवायला तेच तर लागतं.

वाट तिथेच संपली नाही. मिथिलीन ब्लू हा जुना निळा रंग नायट्रिक ऑक्साइडच्या निरोपाला पुढच्या टप्प्यावरही अडवतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकोतल्या ९१ रुग्णांच्या चाचणीत त्याने रक्तदाबाची औषधं लवकर सुटली. मृत्यूंमधला फरक सिद्ध करण्याएवढी ती चाचणी मोठी नव्हती.