क्रॉस-बेल्ट सॉर्टर

पार्सलांची पत्त्यानुसार विभागणी करणारी, बंद वळशात फिरणाऱ्या गाड्यांची यंत्रणा. प्रत्येक गाडीवर एक आखूड पट्टा आडवा, म्हणजे गाडीच्या दिशेला काटकोनात बसवलेला असतो. गाडी ठरलेल्या च्यूटसमोर, म्हणजे माल खाली सोडणाऱ्या घसरणीसमोर आली की तो पट्टा क्षणभर फिरतो आणि पार्सल बाजूला उतरते. भारतातल्या कुरिअर हबमध्ये हा प्रकार चांगला रुजला, कारण इथला बराचसा ऑनलाइन माल खोक्यात नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे फ्लायरमध्ये येतो. सरकत्या ठोकळ्यांनी माल बाजूला ढकलणाऱ्या शू सॉर्टरवर फ्लायरची कड फटीत अडकते. आडव्या पट्ट्यावर मात्र तो स्थिर राहतो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि केवळ करासाठी प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवण्याचे कारण उरले नाही. माल मोठ्या केंद्रांत एकवटू लागला आणि भिवंडीसारख्या गोदामांच्या परिसरात हाताने छाटणी करणे आवाक्याबाहेर गेले.

पार्सल प्रथम इंडक्शनवर, म्हणजे सॉर्टरवर माल चढवण्याच्या जागी येते. कामगार लेबल वर करून ते ठेवतो आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवणारे छोटे पट्टे ते तिरप्या कोनातून रिकाम्या गाडीवर सोडतात. पुढे कॅमेऱ्यांच्या कमानीत बारकोड वाचला जातो. अनेक ठिकाणी वजन आणि लांबी-रुंदी-उंचीही तिथेच मोजतात. घनसेंटिमीटरला ५,००० ने भागून येणारे आकारमानी वजन बिलासाठी लागते, ते यातूनच मिळते. छाटणीचा आधार बहुधा पिनकोड असतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आलेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. तिचे पहिले तीन अंक छाटणीचा जिल्हा दाखवतात. उदाहरणार्थ, गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. त्यामुळे मुख्य हबमध्ये पहिले तीन अंक बऱ्याचदा पुरतात, शेवटच्या तीन अंकांचे काम पुढच्या केंद्रात होते.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. वेग सेकंदाला २ मीटर आणि दोन गाड्यांमधले अंतर ०.६ मीटर धरले, तर एका जागेवरून तासाला १२,००० गाड्या जातात. हा आकडा माहितीपत्रकात ठळक छापला जातो, पण प्रत्यक्षात तो गाठायला तितकी पार्सले चढवावी लागतात. हाताने भरणारा एक माणूस तासाला १,२०० पार्सले चढवत असेल, तर दहा इंडक्शन अखंड चालू हवीत. खरेदीच्या वेळी सगळी चर्चा वेगावर होते. काम अडते ते मात्र इंडक्शनवर आणि च्यूटच्या तोंडाशी.

च्यूटखालची बॅग भरली आणि वेळेत बदलली नाही, तर च्यूटचा सेन्सर झाकला जातो आणि पार्सल पुन्हा फेरीवर जाते. १५० मीटरच्या वळशात ती फेरी ७५ सेकंदांची. अशी फिरती पार्सले वाढली की रिकाम्या गाड्या कमी होतात, इंडक्शन थांबते आणि मागे माल तुंबतो. अशा वेळी वेग वाढवून काही साधत नाही. बॅग बदलणारी माणसे वाढवावी लागतात किंवा गर्दीच्या पिनकोडला दुसरे च्यूट द्यावे लागते.

बारकोड न वाचला जाण्याची कारणे ठरलेली आहेत: फ्लायरच्या सुरकुतीवर चिकटवलेले लेबल, त्यावरून ओढलेली चकचकीत टेप, घासून पुसट झालेले थर्मल लेबल. परत आलेल्या मालावर जुने लेबल तसेच राहिले, तर दोन बारकोड वाचले जातात आणि पार्सल रिजेक्ट च्यूटला जाते. नवे लेबल लावण्याआधी जुने काढणे किंवा पूर्ण झाकणे हाच उपाय.

सॉर्टरला माल पुरवणाऱ्या कन्व्हेयरच्या तक्रारी वेगळ्या असतात. रोलर कन्व्हेयरवर सर्वांत लहान खोक्याखालीही कायम किमान तीन रोलर हवेत. म्हणजे ३०० मिमी लांबीच्या खोक्याला रोलरांमधले अंतर १०० मिमीपेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर खोके नाक खुपसून अडकते. पट्टा एका बाजूला पळत असेल, तर आधी रोलरवर साचलेला चिकट मळ आणि तिरका बसलेला रोलर पाहावा. मगच शेवटच्या ड्रमचा बोल्ट पाव फेरी फिरवावा, पट्ट्याला काही फेऱ्या होऊ द्याव्यात आणि परिणाम पाहून पुढचा पाव घ्यावा. घाईने दोन्ही बाजू आवळल्या की पट्टा ताणला जातो आणि बेअरिंग लवकर जाते. गोदामाचे शटर दिवसभर उघडे असेल तिथे रिफ्लेक्टरवर, म्हणजे सेन्सरचा प्रकाश परतवणाऱ्या चकतीवर धूळ बसते. मग सेन्सरला समोर माल असल्याचा भास होतो आणि रिकामा पट्टा थांबून राहतो. हा बिघाड कोरड्या फडक्याने मिटतो.

अलीकडचे बदल बहुतेक विजेशी निगडित आहेत. एका मोठ्या मोटरऐवजी २४ व्होल्टचे मोटररोलर, म्हणजे आतच मोटर असलेले रोलर टप्प्याटप्प्यावर बसवतात. माल आला तेवढाच टप्पा फिरतो. गाड्या ओढण्यासाठी सिंक्रोनस लिनियर मोटर, म्हणजे चुंबकीय बलाने सरळ रेषेत ढकलणाऱ्या मोटर येत आहेत, तर घासणाऱ्या ब्रशऐवजी स्पर्शाविना वीज पोचवली जाते. त्यामुळे ब्रशची झीज आणि काळी भुकटी टळते.

दुसरा प्रवाह फरशीवर फिरून छाटणी करणाऱ्या रोबोंचा. फ्लिपकार्टने २०१९ मध्ये बेंगळुरूत असे रोबो कामाला लावले. एक रोबो बंद पडला तरी बाकीचे चालतात. वळशातली एक गाडी अडकली तर सगळा सॉर्टर थांबतो. भाड्याच्या शेडमध्ये, जिथे पाच वर्षांनी जागा सोडावी लागेल, तिथे रोबोच योग्य. मात्र फरशी सपाट आणि स्वच्छ हवी. रोज लाखभर पार्सले एकाच ठिकाणी येत असतील तर क्रॉस-बेल्ट अजूनही सरस ठरतो.

अडकलेले पार्सल काढताना आपत्कालीन दोरी ओढून यंत्र थांबवणे पुरेसे नाही. मुख्य स्विच बंद करून काम करणाऱ्याने त्यावर स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात ठेवायची. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वीची चाचणीही पुरवठादाराच्या नमुना खोक्यांवर न घेता स्वतःच्या फ्लायर, चपट्या पाकिटांवर आणि गोल डब्यांवर, भर गर्दीच्या तासाइतक्या मालावर घ्यावी.