स्नॅपशॉट आणि बॅकअप: कणगी एकच, मग बी राखलं कुठं?

वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवणारं नेटवर्कवरचं यंत्र, बघायला गेलो की मी आधी विचारतो, बॅकअप कुठं जातो? उत्तर ठरलेलं असतं. "सर, दर घंट्याला स्नॅपशॉट घेतो ना आपण!" अहो, मी बॅकअप विचारला होता.

बॅकअप काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या जागी ठेवलेली अख्खी प्रत. रेडवरही, म्हणजे डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क जोडायच्या पद्धतीवर, वेळ घालवत नाही. रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी काम चालू राहतं, पण साहेबांनी चुकून उडवलेलं फोल्डर रेड परत देत नाही. खरा घोळ स्नॅपशॉटचा आहे, कारण ती प्रतच नव्हे.

नॅसवरची फाइल म्हणजे डिस्कवरच्या छोट्या ब्लॉकांची यादी. स्नॅपशॉट घेताना त्या क्षणाची यादी तेवढी गोठवतात, डेटा जागचा हलत नाही. म्हणून तर १० टीबीचा स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही. पुढं कुणी ड्रॉइंग बदललं की नेटॅप कंपनीचं नॅस किंवा झेडएफएस ही फाइल-प्रणाली नवा मजकूर नव्या ब्लॉकांत लिहितं आणि जुने ब्लॉक, गोठवलेल्या यादीत असल्यामुळं, तसेच ठेवतं. जे ब्लॉक बदललेच नाहीत ते चालू फाइलचे आणि स्नॅपशॉटचे सामाईक. डिस्कवर ते एकदाच आहेत. म्हणजे यंत्र जळालं तर स्नॅपशॉट तासाचा असो की महिन्याचा, सगळे एकदमच गेले.

कणगीतल्या ज्वारीवर रेघ मारून "ही बियाण्याची" म्हणावं, तसलं हे. चुकून दळायला जाणार नाही, एवढं खरं. पण कणगीत पाणी शिरलं तर? बी राखायचं तर एक पोतं भावाच्या गावी नेऊन ठेवावं लागतं.

हे एकदा डोक्यात बसलं की नेहमीचं एक रडगाणंही बंद होतं. "२ टीबी डिलीट केले, जागा काहून वाढली नाही?" कशी वाढेल? जुन्या याद्यांनी ते ब्लॉक धरून ठेवलेत. ते स्नॅपशॉट मुदत संपून जातील तेव्हा जागा सुटेल. तोवर घाबरून आणखी फोल्डरं उडवू नका.

याच गोष्टीची वाईट बाजू रॅन्समवेअरच्या, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, वेळी दिसते. व्हायरस फाइली कुलूपबंद करत सुटतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ब्लॉक नव्यानं लिहिला जातो. जुने धरलेले, नवे वाढलेले, व्हॉल्यूम, म्हणजे नॅसवर नेमून दिलेली जागा, भराभर भरतो. जागा संपत आली की जुने स्नॅपशॉट आपोआप काढून टाका, अशी सेटिंग कुणी चालू ठेवली असेल, तर ऐन गरजेच्या वेळी यंत्र स्वतःच ते फेकून देतं. त्यातून ॲडमिनचा पासवर्ड चोराच्या हाती लागला असेल तर उरलेले तो पुसतो. मुदतीपर्यंत ॲडमिनलाही पुसता येत नाहीत असे स्नॅपशॉट मिळतात. ते जरूर लावा, पण तेही त्याच डिस्कांवर असतात.

स्नॅपशॉट मला नावडतो असं समजू नका. हिशोबाची एक्सेल बिघडली की माणूस स्वतः राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून परत आणतो, मला फोन करत नाही. याहून मोठं सुख नाही! नेटॅपचं मूळ वेळापत्रक दर तासाचे ६, रोजचे २ आणि दर आठवड्याचे २ स्नॅपशॉट ठेवतं. रोजचे दोन मला फारच तोकडे वाटतात, मी १४ करतो. रोज रात्रीचा बॅकअप मात्र जालन्याच्या शाखेत, वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पासवर्डानं. नुसतं मिररिंग करून भागत नाही. इथं पुसलं की थोड्या वेळानं तिथंही पुसलं जातं.

आणि तिमाहीत एकदा तिथून एक फोल्डर परत आणून बघा. मागं एका ठिकाणी हे करायला बसलो, तर जालन्याच्या यंत्राचा पासवर्ड एका फाइलीत लिहिलेला निघाला. फाइल वाळूजच्या नॅसवर.